विंडोजमधले लिनक्स आणि मधली सीमा

माझे बहुतेक काम विंडोजवर चालते आणि पुढेही तिथेच चालणार आहे. लॅपटॉप ऑफिसचा आहे, त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याची मुभा नाही, आणि पानांच्या मांडणीपासून हिशेबाच्या पत्रकांपर्यंत ज्या गोष्टींवर इतरांचे काम अडून असते त्या साऱ्या विंडोजच्याच आहेत. मात्र एका जुन्या मराठी मासिकाच्या अंकांची लेखसूची तयार करण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा विंडोजच्या नेहमीच्या साधनांनी ते उरकणार नाही हे लवकरच स्पष्ट झाले. सूचीच्या हजारो छोट्या फायली होत्या आणि त्या वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या संगणकांवर टंकलेल्या होत्या. एकाच लेखकाच्या नावाची निरनिराळी रूपे शोधणे, ती एकसारखी करणे, दुबार नोंदी काढून टाकणे, वर्णानुक्रम लावणे ही कामे ग्रेप (ओळी शोधणारे), सेड (मजकूर बदलणारे), ऑक (रकाने हाताळणारे), सॉर्ट (क्रम लावणारे) आणि युनिक (दुबार ओळी काढणारे) या लिनक्सच्या साधनांची आहेत. म्हणून विंडोजच्या आत लिनक्स चालवायला शिकणे भाग पडले.

या विषयावर जे मार्गदर्शन सापडते ते बहुधा बसवण्याच्या पायऱ्यांपाशी थांबते, आणि बसवणे तर आता फारच सोपे झाले आहे. प्रशासकाच्या अधिकाराने पॉवरशेल ही विंडोजला आज्ञा देण्याची खिडकी उघडावी, ‘डब्ल्यूएसएल’ (विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवणारी व्यवस्था) या आज्ञेला ‘इन्स्टॉल’ हा पर्याय द्यावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) विचारील ते वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड भरावा, की झाले. साधने वापरण्यातही वेगळे असे काही नाही, कारण इथले ग्रेप हे लिनक्सवरचेच ग्रेप आहे. शिकावे लागते ते दोन सिस्टिममधल्या सीमेबद्दल: कोणती गोष्ट कोणत्या बाजूची आहे, ती पलीकडे जाताना तिच्यात काय बदलते, आणि काहीच न बदलता ती पलीकडे वेगळी का वाचली जाते. मी मुख्यतः त्या सीमेबद्दलच लिहिणार आहे, आणि मराठी मजकूर हाताळणाऱ्याला तिथे जे भेटते त्याबद्दल जरा जास्त.

ही सीमा कुठे आखायची, याचे उत्तर गेल्या तीसेक वर्षांत बरेचदा बदलले आहे. विंडोज एनटीची पहिली आवृत्ती १९९३ साली ३.१ या क्रमांकाने आली, तेव्हाच एका कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) अनेक सबसिस्टिम चालाव्यात अशी तिची रचना होती. विन३२ ही मुख्य सबसिस्टिम होती आणि जोडीला ओएस/२ व पॉझिक्स अशा आणखी दोन. पॉझिक्स हे युनिक्सचे, म्हणजे लिनक्सच्या पूर्वज सिस्टिमचे, प्रमाणक. त्याची सबसिस्टिम युनिक्सच्या धर्तीवरची खरी, पण अमेरिकी सरकारच्या खरेदीच्या नियमांत पॉझिक्सची अट होती हे तिच्या असण्याचे मोठे कारण होते, आणि ती अट पुरी करण्यापलीकडे तिचा कोणाला फारसा उपयोग झाला नाही. तिची जागा पुढे इंटरिक्सने घेतली. ते बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये विकत घेतली होती.

दुसरी वाट बाहेरून निघाली. सिग्नस सोल्यूशन्स या कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला सिगविन हा प्रकल्प विंडोजच्या कर्नलला हात लावत नाही. युनिक्सच्या प्रोग्रॅमचा मूळ सोर्स कोड घेऊन तो विंडोजसाठी पुन्हा कंपाइल करायचा आणि युनिक्सकडे मागितलेली प्रत्येक सेवा एका डीएलएल फायलीने विंडोजच्या भाषेत मागायची, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे सीमा प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात असते. त्याची किंमत ‘फोर्क’ या क्रियेत मोजावी लागते. युनिक्सवर चालू प्रक्रियेची हुबेहूब प्रत काढणे ही रोजची आणि स्वस्त गोष्ट असते. विंडोजमध्ये तशी सोयच नसल्याने सिगविनला नवी प्रक्रिया सुरू करून तिच्यात आधीच्या प्रक्रियेची स्मृती भरावी लागते. शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी असलेली फाइल, ओळीओळीला नवे प्रोग्रॅम सुरू करते, त्यामुळे सिगविनवर ती रेंगाळते. ‘आपण सिगविन कधी वापरलेच नाही’ असे म्हणणाऱ्या अनेकांनी गिट या फायलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनासोबत येणारे गिट बॅश मात्र रोज वापरलेले असते, आणि गिट बॅशमागचे एमसिस२ हे सिगविनच्याच कुळातले आहे.

मायक्रोसॉफ्टने मार्च २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील बिल्ड परिषदेत जे जाहीर केले ते या दोहोंपेक्षा निराळे होते. उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल हिच्या सहकार्याने, लिनक्ससाठी बनलेल्या प्रोग्रॅमच्या फायली एक बाइटही न बदलता विंडोज १० वर चालणार होत्या. मोबाइलवरच्या विंडोजमध्ये अँड्रॉइडची ॲप चालवण्यासाठी अॅस्टोरिया नावाचा प्रकल्प मायक्रोसॉफ्टने हाती घेऊन सोडून दिला होता. त्यात झालेले काम इथे उपयोगी पडले. लिनक्सचा प्रोग्रॅम कर्नलकडे फाइल उघडण्याची, स्मृती मागण्याची किंवा नवी प्रक्रिया सुरू करण्याची जी विनंती करतो तिला सिस्टिम कॉल म्हणतात. डब्ल्यूएसएलच्या या पहिल्या आवृत्तीत विंडोजच्या कर्नलमध्ये बसलेला एक ड्रायव्हर दुभाष्याप्रमाणे ती विनंती ऐकत असे आणि विंडोजच्या कर्नलकडून ती पुरी करून घेत असे. लिनक्सचा कर्नल तिथे कुठेच नव्हता.

रचना म्हणून मला आजही ही पहिली आवृत्ती जास्त देखणी वाटते. स्मृती एकच, फाइल सिस्टिम एकच, प्रक्रिया विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये एकेक करून दिसणाऱ्या, आणि सीमा कर्नलच्या दारात, जिथे ती शोभते. पण लिनक्समध्ये तीनशेहून अधिक सिस्टिम कॉल आहेत, त्यांत भर पडत राहते, आणि त्यांपैकी प्रत्येकाचे वागणे बारकाव्यांसह उतरवणे हे न संपणारे काम होते. प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंदिस्त डब्यांत चालवणाऱ्या डॉकरचे इंजिन तर या आवृत्तीवर धड चाललेच नाही. दुसरी अडचण फायलींची. लिनक्सवरचे प्रोग्रॅम एका दमात शेकडो छोट्या फायली उघडतात, मिटतात, त्यांची माहिती विचारतात, आणि ते इतके करतात कारण लिनक्सवर ते फारसे महाग नसते. विंडोजमध्ये प्रत्येक फाइल उघडताना मधल्या अनेक थरांमधून जावे लागते, अँटिव्हायरस हा त्यांपैकीच एक. दुभाषी कितीही तरबेज असला तरी पलीकडचा माणूस सावकाश बोलत असेल तर तो काय करणार?

मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या आणि मे २०२० मधल्या विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीबरोबर सर्वांपर्यंत पोहोचलेल्या डब्ल्यूएसएल २ ने भाषांतराचा हा खटाटोपच थांबवला. आता हायपर-व्ही या विंडोजमधल्या व्यवस्थेच्या आधाराने एक हलके आभासी यंत्र चालते, त्यात लिनक्सचा खराखुरा कर्नल असतो आणि त्याच्या फायली स्वतःच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर, विंडोजच्या दृष्टीने एकाच मोठ्या व्हीएचडीएक्स फायलीत राहतात. डॉकर चालतो, वेग येतो, नवा सिस्टिम कॉल आला तर तो कर्नलबरोबर आपोआप मिळतो. सीमा मात्र नाहीशी झाली नाही. ती कर्नलच्या दारातून उठून दोन फाइल सिस्टिमच्या मध्ये येऊन बसली. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसएलचा बहुतांश सोर्स कोड खुला केला, पण पहिल्या आवृत्तीतला तो ड्रायव्हर त्यात नाही, याची मला थोडी चुटपुट लागून राहिली आहे.

रोजच्या कामात यातून निघणारी पहिली गोष्ट अशी की काम ज्या बाजूच्या साधनांनी करायचे त्याच बाजूला फायली ठेवाव्यात. विंडोजचा सी ड्राइव्ह लिनक्सला ‘एमएनटी’ या फोल्डराखाली ‘सी’ या नावाने दिसतो, आणि तो इतक्या सहज दिसतो की तिथल्याच फायलींवर काम करावेसे वाटते. दुसऱ्या आवृत्तीत मात्र तिथली प्रत्येक फाइल ९पी नावाच्या प्रोटोकॉलमधून येते. म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राकडे जाळ्यावरून मागावी तशीच ती मागितली जाते. एखादी मोठी फाइल वाचायची असेल तर फरक खपून जातो. हजारो छोट्या फायलींत एक नाव शोधायचे असेल तर तो लगेच जाणवतो, आणि गिटला अशा फोल्डरातले बदल विचारले की तो असह्य होतो. शिवाय फाइल बदलली की आपोआप जागी होणारी साधने सीमेपलीकडच्या फायलींबाबत झोपलेलीच राहतात, कारण विंडोजच्या बाजूने झालेल्या बदलाची सूचना लिनक्सच्या कर्नलपर्यंत पोहोचत नाही. आमची सूची म्हणूनच लिनक्सच्या घरच्या फोल्डरात राहते. विंडोजमधून ती पाहायची असेल तेव्हा लिनक्सच्या टर्मिनलमधूनच ‘एक्स्प्लोरर डॉट ईएक्सई’ ही आज्ञा आणि तिच्यापुढे एक टिंब दिले की तेच फोल्डर विंडोजच्या खिडकीत उघडते.

हे टिंबाचे प्रकरण मला पहिल्यांदा जादूसारखे वाटले होते, आणि अजूनही त्याचे कौतुक ओसरलेले नाही. लिनक्सच्या टर्मिनलमधून विंडोजचे प्रोग्रॅम सुरू करता येतात, एवढेच नव्हे तर ते पाइपमध्येही जोडता येतात: ग्रेपने काढलेल्या ओळी सॉर्टकडे, तिथून विंडोजच्या ‘क्लिप’ या प्रोग्रॅमकडे, आणि तिथून क्लिपबोर्डमार्गे थेट वर्डमध्ये. इंग्रजी मजकुरावर हे निर्धोक चालते. मराठी मजकूर पाठवला की वर्डमध्ये अगम्य चिन्हांची रांग उतरते, कारण लिनक्सची बाजू यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत साठवण्याच्या एका पद्धतीत) बोलते आणि ‘क्लिप’ ते बाइट विंडोजच्या जुन्या कोड पेजप्रमाणे वाचतो. मध्ये ही पद्धत बदलणारे ‘आयकॉन्व्ह’ हे साधन घालून मजकूर यूटीएफ-१६ मध्ये करून दिला की मराठी सुखरूप पोहोचते. उलट दिशेलाही हेच आहे. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये बाणाचे चिन्ह वापरून एखाद्या आज्ञेचे उत्तर फायलीत साठवले तर ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये तयार होते, आणि डोळ्यांना दिसत असलेला शब्द त्या फायलीत ग्रेपला सापडत नाही. पॉवरशेल ७ ने ही पद्धत बदलली आहे. गंमत म्हणजे ‘डब्ल्यूएसएल’ ही आज्ञा स्वतःच बसवलेल्या लिनक्सची यादी यूटीएफ-१६ मध्ये देते, त्यामुळे ती यादी ग्रेपकडे दिली तर ‘उबुंटू’ हे नावही हाती लागत नाही.

यापेक्षा जुना आणि जास्त छळणारा प्रश्न ओळीच्या शेवटाचा आहे. टेलिटाइप यंत्रांवर नवी ओळ सुरू करायची तर छापणारा भाग डावीकडे आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे अशा दोन क्रिया लागत आणि त्यांच्यासाठी दोन चिन्हे होती. सीपी/एम आणि डॉसमार्गे ही जोडी विंडोजमध्ये आली. युनिक्सने मल्टिक्सप्रमाणे केवळ दुसरे चिन्ह ठेवले. म्हणून विंडोजवर टंकलेल्या फायलीतल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी लिनक्सच्या दृष्टीने एक जादा, न दिसणारे अक्षर असते. शेल स्क्रिप्टमध्ये ते असेल तर निदान ती चालत नाही आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी तक्रार तरी मिळते. सूचीसारख्या मजकुरात काहीच तक्रार येत नाही, फक्त उत्तरे चुकतात. दोन माणसांनी टंकलेले एकच नाव युनिक दोनदा दाखवतो, कारण एका नावामागे ते अक्षर आहे आणि दुसऱ्यामागे नाही. ऑकने शेवटच्या रकान्यातले वर्ष ताडून पाहिले तर ते कधीच जुळत नाही.

असे अदृश्य अक्षर पाहण्यासाठी ‘कॅट’ला कॅपिटल ए हा पर्याय द्यावा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. इंग्रजीसाठी तो चांगला आहे. मराठीसाठी निरुपयोगी, कारण तो पर्याय आस्कीबाहेरचा (मूळ इंग्रजी अक्षरांपलीकडचा) प्रत्येक बाइट सांकेतिक चिन्हांत लिहितो आणि एकेका देवनागरी अक्षराची अशी लांबलचक माळ होते की त्यात ओळीचा शेवट शोधणे कठीण. त्याऐवजी ‘फाइल’ या आज्ञेला फायलीचे नाव द्यावे. मजकूर यूटीएफ-८ आहे का, त्याच्या ओळी विंडोजच्या पद्धतीने संपतात का आणि आरंभी बॉम आहे का, हे ती एका ओळीत सांगते. मग ‘डॉस-टू-युनिक्स’ हे छोटे साधन चालवले की दोन्ही दोष जातात. बॉम म्हणजे मजकुराच्या अगदी सुरुवातीला असणारी एक अदृश्य खूण. जुने नोटपॅड यूटीएफ-८ फायलींना ती नेहमी लावत असे. २०१९ मधल्या विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून ती आपोआप लावली जात नाही. ओळीच्या आरंभी अमुक शब्द आहे का असे ग्रेपला विचारले आणि प्रत्येक फायलीतली नेमकी पहिलीच ओळ निसटत असेल, तर दहांतल्या नऊ वेळा मागे बॉम असतो. नोटपॅडला युनिक्सच्या पद्धतीचे ओळशेवटही २०१८ पासून समजू लागले आहेत, त्यामुळे साफ केलेल्या फायली सहकाऱ्यांना परत पाठवताना पुन्हा विंडोजच्या पद्धतीत आणण्याची गरज आता राहिली नाही.

सीमेवरून मजकूर नीट आला तरी साधनाला देवनागरी कळते असे गृहीत धरू नये. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. ‘विद्यार्थी’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात व्यंजने, मात्रा आणि दोन हलंत चिन्हे धरून ती दहा चिन्हे आहेत. आणि बाइट तीस. ‘डब्ल्यूसी’ या मोजणीच्या साधनाला पर्याय बदलून दहा किंवा तीस, यांपैकी हवे ते उत्तर मागता येते, तीन हे उत्तर मात्र ते देऊ शकत नाही. ‘टीआर’ हे एका चिन्हाच्या जागी दुसरे बसवणारे साधन तर बाइटच पाहते. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करावेत म्हणून मराठी मजकूर त्याच्याकडे दिला तर अंक राहतातच बाजूला, सारा मजकूर बिघडतो. तेच काम सेडच्या ‘वाय’ या आज्ञेने, लोकॅल (भाषा आणि लिपीची मांडणी) यूटीएफ-८ असेल तर, बिनचूक होते. उबुंटूवरचे ‘कट’ अक्षरे मोजून कापण्याचा पर्याय दिला तरी बाइटच मोजते, म्हणून मराठी ओळी कापायच्या त्या स्वल्पविरामावर किंवा टॅबवर, अक्षरांवर नव्हे.

वर्णानुक्रमाची कथा आणखी मजेदार आहे. डब्ल्यूएसएलवरच्या उबुंटूचे लोकॅल बहुधा ‘सी’ प्रकारचे असते, आणि त्यात सॉर्ट शब्दांना त्यांच्या युनिकोड क्रमांकांप्रमाणे लावतो. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ नंतर आणि ‘व’ च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. त्यामुळे ‘कळस’ हा ‘कवच’च्या आधी लागतो, जे कोणत्याही मराठी सूचीत खटकेल. ‘क्ष’ ने सुरू होणारे शब्द शेवटी न जाता ‘क’ च्या रांगेत, आणि तेही ‘कौ’ नंतर, जाऊन बसतात, कारण तक्त्यात हलंत चिन्ह सगळ्या मात्रांच्या मागे आहे. मराठीचे भारतीय लोकॅल उबुंटूमध्ये वेगळे तयार करून घ्यावे लागते. ते केल्यावरही ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि अनुस्वार असलेल्या दहावीस शब्दांची यादी लावून क्रम तपासावा आणि मगच मोठ्या सूचीला हात घालावा.

आणि मग ‘ऱ्य’. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र टंकण्याचे दोन मार्ग आहेत: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलंत, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे जोडणीचे अदृश्य चिन्ह. पडद्यावर आणि छपाईत दोन्ही सारखेच दिसतात. कोणते उमटेल ते टंकणाऱ्याच्या कळफलकावर ठरते, आणि वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये वाचत बसणाऱ्याला हा फरक आयुष्यभर कळला नाही तरी चालते. ग्रेपच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. आमच्या सूचीत ‘कादंबऱ्या’ हा शब्द दोन्ही प्रकारे होता, आणि एका ओळीच्या सेड आज्ञेने तो एकसारखा केल्यावर दुबार नोंदींची संख्या डोळ्यांदेखत उतरली. लिनक्सची साधने शिकण्याचा मला झालेला मोठा लाभ हाच आहे की मजकूर दिसतो कसा आणि साठवलेला असतो कसा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत याची सवय लागते.

दिसण्याबद्दल बोलायचे तर टर्मिनलकडून मराठीत फार अपेक्षा ठेवू नये. टर्मिनल म्हणजे मुळात समान रुंदीच्या चौकटींचा कागद. एका चौकटीत एक अक्षर हा त्याचा पाया, आणि ‘र्त्स्न्य’ सारखे जोडाक्षर त्या कागदावर कुठे ठेवावे याला सोपे उत्तर नाही. जुन्या विंडोज कन्सोलपेक्षा २०२० मध्ये १.० ला पोहोचलेले विंडोज टर्मिनल पुष्कळ बरे आहे, तरी मात्रा सुटलेल्या, वेलांटी भलत्याच अक्षरावर गेलेली, कर्सर शब्दाच्या आत कुठेतरी, असे दृश्य अधूनमधून दिसते. मजकूर ठीक असतो, चित्र चुकलेले असते. म्हणून उत्तरे फायलीत घेऊन ती व्हीएस कोड या संपादकात पाहणे मला सोयीचे वाटते. त्याच्या डब्ल्यूएसएलसाठीच्या जोडणीमुळे खिडकी विंडोजची राहते आणि फायली लिनक्सच्या बाजूलाच राहतात.

परवानग्या आणि लहानमोठी लिपी यांबद्दल थोडक्यात सांगते. एमएनटीखालच्या विंडोजच्या फायली लिनक्सला सर्वांसाठी खुल्या दिसतात, म्हणून तिथे ठेवलेली एसएसएचची (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या साधनाची) खाजगी किल्ली एसएसएच नाकारतो. ती लिनक्सच्या घरी हलवून तिची परवानगी आवळावी. रोमन नावांत विंडोज मोठ्या आणि लहान लिपीचा भेद करत नाही, लिनक्स करतो. देवनागरीत हा प्रश्न नाही, एवढे एक सुख.

फायलींच्या नावांची लांबी मात्र देवनागरीतच अडवते, आणि इंग्रजीत काम करणाऱ्यांना ती अडचण ठाऊकही नसते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमवर नावात यूटीएफ-१६ ची २५५ एकके मावतात, म्हणजे मराठीची २५५ चिन्हे. ईएक्सटी४ वर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि दर चिन्हाला तीन बाइट या हिशेबाने तिथे ८५ चिन्हेच बसतात. मात्रा आणि हलंत धरले तर हे फार नाही. टंकणाऱ्यांनी संपूर्ण लेखशीर्षक, लेखक आणि अंक यांची मिळून फायलीची नावे केली होती आणि विंडोजवर ती बिनबोभाट चालत होती. लिनक्सकडे आणताना त्यांतली लांब नावे नाकारली गेली. यावर उपाय म्हणजे नावात फक्त वर्ष, महिना आणि अनुक्रमांक ठेवणे आणि शीर्षक फायलीच्या आत पहिल्या ओळीत घेणे. सूचीच्या दृष्टीनेही तेच योग्य होते, कारण शीर्षकातले प्रश्नचिन्ह विंडोजला फायलीच्या नावात चालत नाही आणि टंकणाऱ्यांनी ते गाळून टाकले होते.

स्मृतीबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. ते आभासी यंत्र आपल्या लॅपटॉपची निम्मी स्मृती घेऊ शकते आणि घेतलेली लगेच परत करतेच असे नाही. विंडोजच्या घरच्या फोल्डरात ‘डॉट डब्ल्यूएसएल कॉन्फिग’ ही फाइल करून त्यात मर्यादा लिहिली की प्रश्न मिटतो. काम संपल्यावर ‘शटडाउन’ हा पर्याय देऊन यंत्र बंद केले तरी चालते.

उलट्या बाजूचा रस्ताही आहे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे आणि त्याची १.० आवृत्ती जून २००८ मध्ये आली. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी विंडोजची छोटी साधने घरच्या लिनक्सवर वाइनमधून चालवून पाहावीत, असे माझ्या मनात आहे. डब्ल्यूएसएल वापरणाऱ्याला त्याची गरज पडत नाही, कारण तो ती साधने लिनक्सच्या टर्मिनलमधूनच थेट हाकू शकतो. फक्त त्यांनी दिलेल्या उत्तराच्या ओळी विंडोजच्या पद्धतीने संपतात, तेव्हा पाइपमध्ये त्यांच्या पुढे ‘डॉस-टू-युनिक्स’ हवेच.

शेवटी बॅकअप. लिनक्सच्या बाजूला ठेवलेल्या फायली त्या एका व्हीएचडीएक्स फायलीत असतात, आणि डॉक्युमेंट्सचे फोल्डर जपणाऱ्या ऑफिसच्या बॅकअपला तिची गंधवार्ता नसते. ‘अनरजिस्टर’ या पर्यायाने एखादे लिनक्स काढून टाकले तर आतल्या सर्व फायली त्याबरोबर कायमच्या जातात. म्हणून ‘एक्स्पोर्ट’ हा पर्याय वापरून सगळे लिनक्स एका टार फायलीत काढावे आणि ती टार फाइल विंडोजच्या बाजूला ठेवावी. आमची टार फाइल दर आठवड्याला निघते आणि ऑफिसच्या सर्व्हरवर जाते. सूचीच्या फायली त्याशिवाय गिटमध्ये असतात, आणि तिथे विंडोजवरून काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी ओळीचे शेवट सदैव लिनक्सच्या पद्धतीनेच ठेवावेत अशी नोंद ‘डॉट गिट ॲट्रिब्यूट्स’ या फायलीत केलेली आहे.